स्लॅबखाली काय दडले आहे?

पुण्यातून मुळशीकडे जाणारा रस्ता चांदणी चौकातून निघतो. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटाने उडवला. सुमारे ६०० किलो स्फोटके वापरूनही, धुरळा बसल्यावर पाहिले तर पूल सळ्यांच्या आधाराने लटकलेलाच. काँक्रीट फुटले होते, पोलादाने तग धरला होता. अंदाजापेक्षा जास्त पोलाद निघाले, असे पाडणाऱ्यांनीच नंतर सांगितले.

तिथे जास्त निघाले. एखाद्या मजल्यात कमी निघाले तर?

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माण पट्ट्यात हा प्रश्न विचारायलाच हवा. झटपट मजले चढवायचे तर पोलादी गर्डर, त्यावर पत्र्याची डेक शीट आणि वर काँक्रीट ही पद्धत सोयीची. पण गर्डर आणि स्लॅब एकजीव हवेत. भातखाचराच्या ओहोळावर एकावर एक दोन सुट्या फळ्या टाकल्या, तर पाय पडताच त्या एकमेकींवर सरकतात आणि वाकतात. त्याच घट्ट जोडल्या, तर चौपट ताठ होतात. मजल्यात हे जोडण्याचे काम गर्डरवर वेल्ड केलेले, बोटाएवढे जाड स्टड करतात.

या सरकण्याखेरीज दुसरा भार उभ्या शिअरचा, म्हणजे पुस्तकी भाषेत कर्तन बलाचा. टेकूजवळ तो सर्वाधिक. नेहमीच्या डिझाइनमध्ये तो सगळा गर्डरच्या उभ्या पत्र्यावर, वेबवर टाकतात. प्रयोगशाळांतल्या चाचण्यांत मात्र स्लॅबही त्यातला काही वाटा उचलताना दिसला आहे. मग तो हिशेबात धरून वेब पातळ का करू नये? सध्या तरी करू नये. हा वाटा स्टडच्या जोडावर टिकतो, आणि प्रयोगशाळेतला प्रत्येक स्टड नीट बसवलेला असतो. साइटवर ओल्या, गंजक्या पत्र्यावर घाईत मारलेल्या स्टडची तशी खात्री कोण देणार? स्लॅबची ती ताकद गाठीला राहू द्यावी.

स्टडची तपासणी साधी आहे. बुडाशी वितळलेल्या धातूचे कडे सर्व बाजूंनी पूर्ण हवे. हातोडा मारला की आवाज खणखणीत यायला हवा. शंका आली तर स्टड ठोकून ठरावीक कोनापर्यंत वाकवायचा; वेल्डला चीर गेली नाही, तर तो तसाच ठेवून पुढे जायचे. या तपासणीची नोंद, स्टडची मोजणी आणि फोटो भोगवटा प्रमाणपत्राच्या कागदांत सक्तीचे करावेत. आयटी पार्कात एमआयडीसीने, बाकीच्या गावांत पीएमआरडीएने. आणि हे सारे काँक्रीटची गाडी फाटकात येण्याआधी व्हावे. एकदा स्लॅब ओतला की स्टड पाहायला तो फोडावाच लागतो.