पासष्टीला घेतलेले घर, पंच्याऐंशीला

पुण्यात ज्येष्ठांसाठीची गृहसंकुले आता नवलाईची राहिलेली नाहीत. ‘अथश्री’सारख्या प्रकल्पांनी ही कल्पना मध्यमवर्गाच्या अंगवळणी पाडली, त्यालाही दोन दशके होऊन गेली. स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, खाली भोजनगृह, हाकेच्या अंतरावर डॉक्टर, संध्याकाळी गप्पांना समवयस्क मंडळी. मुले परदेशात असली तरी आईवडिलांना कुठेतरी नेऊन ठेवले, असे कोणी म्हणू नये अशी ही सोय. तिथे पासष्टीला राहायला आलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत, आणि संकुले चालवणाऱ्यांपुढचे प्रश्नही त्यांच्याबरोबर बदलले आहेत. लिफ्ट, टँकर आणि मेसची भाजी यांवरून वाद पूर्वीही होत, आजही होतात. त्याहून अवघड प्रश्न असा की चालत-फिरत आलेला रहिवासी अंथरुणाला खिळला किंवा त्याची स्मृती जाऊ लागली, तर त्याने तिथेच राहावे की संकुलाने त्याला दुसरी व्यवस्था बघायला सांगावी?

व्यवस्थापकाची बाजू आधी पाहू, कारण ती सहसा कोणी नीट ऐकून घेत नाही. बहुतेक संकुले बांधली गेली ती स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी, आणि माणसेही त्याच हिशेबाने नेमलेली असतात. दिवसा एक नर्स, रात्री एक अटेंडंट, गेटवर सिक्युरिटी, बोलावल्यावर येणारा डॉक्टर. रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावरची घंटा वाजते. अटेंडंट तेव्हा दुसऱ्या इमारतीत कोणाची तरी कूस बदलून देत असतो, म्हणून वॉचमन वर धावतो. फ्लॅटची जादा किल्ली ऑफिसात असते, त्यामुळे बाहेरचे दार उघडते. पण आजोबा बाथरूममध्ये पडलेले आहेत, कडी आतून लावलेली आहे, दार आतल्या बाजूला उघडणारे आहे आणि ते नेमके त्या दाराला टेकून पडलेले आहेत. जोर लावावा तर त्यांनाच लागणार. ‘शेवटपर्यंत इथेच’ या आश्वासनाचा भार अशा रात्री कोणावर पडतो? बेताच्या पगाराच्या, या कामाचे शिक्षण न मिळालेल्या एका माणसावर.

माणसे वाढवावीत असे सुचवणे सोपे आहे. पण एका खाटेशेजारी चोवीस तास माणूस ठेवायचा म्हणजे बारा तासांच्या रोज दोन पाळ्या, आठवड्याला चौदा. एक माणूस आठवड्यात फार तर सहा पाळ्या करतो. म्हणजे दोघांत भागत नाही, तिसरा लागतोच. आणि गौरी-गणपतीला गावी जाणाऱ्या किंवा मुलाच्या परीक्षेसाठी सुट्टी घेणाऱ्या बाईच्या जागी उभी राहणारी चौथीही कोणीतरी हवी. ब्युरोतून येणाऱ्या अनेक बायका नळीतून अन्न देणे, बेडसोर होऊ न देणे, युरिन बॅग बदलणे ही कामे बघून बघून शिकलेल्या असतात. त्यांतली एखादी चांगली तयार झाली की तिला हॉस्पिटल किंवा दुसरे घर जास्त पैसे देऊन नेते. जे आपल्याला सुरक्षितपणे करता येत नाही त्याचा शब्द देऊ नये, असे व्यवस्थापक म्हणतो तेव्हा तो हात झटकत असतोच असे नाही. पुष्कळदा तो जबाबदारीने बोलत असतो.

रहिवाशाच्या बाजूने पाहिले की मात्र हेच म्हणणे फार वेगळे दिसते. नारायण पेठेतली किंवा डोंबिवलीतली राहती जागा विकून त्याने हा फ्लॅट घेतला तो कशासाठी? ठणठणीत असताना आयते जेवण मिळावे, एवढ्यासाठी नक्कीच नव्हे. पडलो-झडलो तर कोणीतरी धावून यावे, यासाठी. ज्या दिवसाच्या भीतीने घर घेतले, त्याच दिवशी ते सोडायला सांगितले, तर त्या व्यवहारात त्याच्या पदरी काय पडले? शिवाय या वयात जागा बदलणे म्हणजे नुसते सामान हलवणे नसते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा दिवस ओळखीचा कॉरिडॉर, ठरलेली खुर्ची, रोज दिसणारा चेहरा यांच्या आधाराने चाललेला असतो. नव्या ठिकाणी तो आणखी गोंधळतो, संध्याकाळी ‘घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभा राहतो. आणि जोडपे असेल तर? नवऱ्याला अल्झायमर, पत्नी एकोणऐंशीची पण धडधाकट. दोघांना हलवले तर तिच्या मैत्रिणी, भजनी मंडळ, गेल्या पंधरा वर्षांत जमवलेले सगळे सुटणार. एकट्याला हलवले तर ती रोज रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणार, आणि एके दिवशी तेही तिला झेपणार नाही.

व्यवस्थापन आणि आजारी रहिवासी यांच्यापलीकडे आणखी एक पक्ष आहे, तो म्हणजे शेजाऱ्यांचा. भोजनगृहात एखादे आजोबा ताट उलटे करतात, मोठ्याने ओरडतात. मग कोणीतरी हळूच त्यांच्या पत्नीला सुचवते की उद्यापासून डबा खोलीवरच मागवा ना. सुचवणाऱ्याला निष्ठुर ठरवणे अन्यायाचे होईल. तोही अठ्ठ्याहत्तरचा आहे, आणि समोरच्या टेबलावर त्याला आपलाच उद्या दिसतो. वरच्या मजल्यावर कोणी गॅस चालू ठेवून विसरले तर धोका संपूर्ण जिन्याला असतो. गॅस काढून इंडक्शनची शेगडी देता येते, डब्याऐवजी भोजनगृहाची वेळ थोडी अलीकडे आणता येते. अशा छोट्या तडजोडींनी बरेच काही निभावते. मात्र शांतपणे जगायला आलेल्या चाळीस-पन्नास कुटुंबांच्या सोयीला काही किंमतच नाही, असे म्हणता येत नाही.

हा सगळा वाद शेवटी पैशाशी येऊन थांबतो. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. ८.२ टक्के दराने त्याचे वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे महिन्याला साधारण २०,५०० रुपये होतात. पुण्यात बारा तासांच्या एकाच पाळीला बाई ठेवली तरी जवळपास एवढेच पैसे जातात. म्हणजे मर्यादेपर्यंत पैसे गुंतवू शकलेल्या सुस्थितीतल्या माणसाचेही सगळे व्याज अर्ध्या दिवसाच्या शुश्रूषेत संपते. औषधे, जेवण, मेंटेनन्स वेगळेच. दुसरीकडे, रात्रीची नर्स आणि जादा अटेंडंट यांचा खर्च सर्वांच्या मेंटेनन्समध्ये घालायचा म्हटले की नुकताच निवृत्त झालेला रहिवासी विचारतो, मी का भरू? त्याच्या विचारण्यात स्वार्थ असेल, पण असमंजसपणा नाही. निश्चित व्याजावर जगणाऱ्यांना दरवर्षी वाढणारी वर्गणी परवडत नाही हे खरेच आहे. त्यातून वर्गणी माणशी महिना ७,५०० रुपयांच्या वर गेली आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे असली, की १८ टक्के जीएसटीही मागे लागतो.

कायद्याची रचनाही इथे फारशी मदत करत नाही. संकुल हस्तांतरित होऊन सहकारी गृहसंस्था झाली की आदर्श उपविधींनुसार सेवा-शुल्क प्रत्येक सदनिकेला समान लागते. चालता येणाऱ्याला कमी आणि खाटेवरच्याला जास्त, अशी विभागणी मेंटेनन्सच्या बिलात करता येत नाही. त्यासाठी वेगळा सेवा-करार लागतो. घर विकले जाताना त्यातला काही वाटा शुश्रूषेच्या निधीत घ्यावा असे कोणालाही सुचेल, पण हस्तांतरण शुल्काला राज्य सरकारने २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि सामान्य गृहसंस्थांमधली मनमानी रोखण्यासाठी ती योग्यच आहे. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी निकष ठरवले. दारे निदान ९०० मिलिमीटर रुंद, चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी, आधाराचे दांडे, आपत्कालीन घंटा. ही मोठी सुधारणा आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. पण हे निकष प्रामुख्याने बांधकामाचे आहेत. घंटा वाजल्यावर किती मिनिटांत कोण येणार, आणि ती रोज रात्री वाजू लागली तर काय करायचे, हे करारावरच सोडलेले आहे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये दिलेल्या आदर्श मार्गदर्शक सूचनांत बिल्डर, सेवा पुरवणारी कंपनी आणि घर घेणारा यांच्यात त्रिपक्षीय कराराची कल्पना आहे. दिशा बरोबर आहे. मात्र करारात कोणती कलमे असावीत याचा आग्रह घर घेणाऱ्यानेच धरायला हवा, आणि पासष्टीला सॅम्पल फ्लॅट पाहताना डायपरविषयी विचारायला कोणाची जीभ रेटत नाही.

दोन्ही बाजूंचे वजन मान्य करूनही आमचा कल रहिवाशाकडे झुकतो. त्याने तिथेच राहावे हा नियम असावा आणि हलवणे हा अपवाद. तो अपवाद आवश्यक का आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर असावी. कारण व्यवस्थापन बदलता येते, कंपनी नवी आणता येते, दार बाहेर उघडणारे करून घेता येते; पंच्याऐंशीव्या वर्षी माणसाला नवे गणगोत जोडता येत नाही. हलवण्याचे निकष घर विकतानाच लेखी द्यावेत: सतत व्हेंटिलेटर लागणे, इतरांना इजा होईल असे वागणे, अशा मोजक्या आणि तपासता येतील अशा गोष्टी. ‘व्यवस्थापनाच्या मते अयोग्य’ असली मोघम कलमे नसावीत. आणि निर्णय मॅनेजर एकट्याने घेऊ नये. संकुलाशी पैशाचा संबंध नसलेला, वृद्धांच्या आजारांचा जाणकार डॉक्टर त्यात हवा, आणि रहिवाशाचे स्वतःचे म्हणणे, जोवर तो ते सांगू शकतो तोवर, आधी ऐकले जायला हवे.

मात्र हा कल फुकट मिळणारा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. रात्रीची नर्स, प्रशिक्षित दोन-तीन माणसे, तळमजल्यावरची शुश्रूषेची काही खोल्यांची सोय एवढी किमान तयारी सर्वांच्या वर्गणीतून झाली पाहिजे, आणि पहिल्या दिवसापासून. स्वतःच्या खाटेशेजारचा माणूस ज्याचा त्याने ठेवावा. या विभागणीत, कधीच आजारी न पडता झोपेत जाणारा माणूस दुसऱ्यांसाठी पैसे भरून जाईल. आरोग्यविम्यात आपण हे मान्य करतो, इथेही करावे लागेल. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे वर्गणी वाढली की काही निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून यांना ही घरे घेताच येणार नाहीत. व्यवस्थापकाचा जुना आक्षेप इथे पुन्हा उभा राहतो: कमी सेवेचे, स्वस्त आणि प्रामाणिकपणे मर्यादित असे संकुल काही लोकांना हवे असेल, तर त्यांना ते का मिळू नये? मिळावे. पण तिथे विकताना तसे सांगावे, आणि जाहिरातीत ‘आयुष्यभराची निश्चिंती’ असले शब्द वापरू नयेत.

नव्या प्रकल्पांत हे करारात लिहिता येईल. वीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या संकुलांत नव्याने जागा कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच. त्याला एक व्यवहार्य उत्तर आहे. अशा संकुलांत काही फ्लॅट कुलूपबंद असतात. आईवडील गेले, मुले सिएटलला किंवा सिडनीला, विकायला मन होत नाही आणि वयाच्या अटीमुळे भाडेकरूही सहज मिळत नाही. तळमजल्यावरचे असे दोन-तीन फ्लॅट वारसांकडून लिव्ह अँड लायसन्सवर घेऊन शुश्रूषेच्या खोल्या करता येतील. वारसाला मेंटेनन्सपुरते तरी पैसे सुटतील, आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांना शहराबाहेर न पाठवता अंगण ओलांडून खाली आणता येईल. पत्नीला दिवसातून चार वेळा जाऊन बसता येईल. शेजारच्या फ्लॅटवाल्यांची हरकत येऊ शकते, आपल्या भिंतीपलीकडे हॉस्पिटल नको असे ते म्हणतील, आणि त्यांच्याशी बोलूनच हे करावे लागेल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. वार्षिक सभेत विषय मांडून सुरुवात करता येते. सहकारी गृहसंस्थेच्या सभेत दुसऱ्याकरवी मत देता येत नाही, त्यामुळे ज्यांच्याविषयी हा ठराव आहे तेच सभागृहात नसतील. कमिटीने सभेच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या खोल्यांत जाऊन, खाटेशेजारी बसून, त्यांना काय हवे ते विचारून घ्यावे आणि ते इतिवृत्तात लिहावे.