फी मुलाची, बोलणे वडिलांचे

समुपदेशनाचा अभ्यासक्रम पूर्ण करीत आलेल्या काही विद्यार्थ्यांची ‘कायदा आणि व्यावसायिक नीती’ या विषयाची उजळणी मी नागपुरात, धरमपेठेतल्या एका घरी घेत असते. परवा त्यांना एक काल्पनिक प्रसंग सोडवायला दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा. पत्नी जाऊन सहा महिने झाले आहेत. अन्नावरची वासना उडाली आहे, झोप लागत नाही. मुलगा त्यांना समुपदेशकाकडे आणतो, फी भरतो, तासभर बाहेर बाकावर बसून राहतो. रात्री त्याचा फोन येतो : ‘‘बाबा काय म्हणाले?’’ समुपदेशकाने काय सांगावे?

बहुतेकांनी लिहिले, की सगळे मुलालाच करायचे आहे, तेव्हा त्याला सांगायला हवे. हे उत्तर चुकीचे आहे. परंतु ते त्यांना का सुचले, हे वाचकहो, आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्या घरांत दुखणे एकट्याचे नसते. औषधाच्या गोळ्या सून मोजते, रक्ताचा अहवाल जावई वाचतो. मग मनातलेच तेवढे झाकून का ठेवायचे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

कायद्याचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 23 नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची माहिती गोपनीय राखणे, हे तिच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येक आरोग्य व्यावसायिकाचे कर्तव्य आहे. फी कोणी भरली, याचा त्यात उल्लेखही नाही. अपवाद मोजके आहेत : जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाला इजा होण्याची भीती असेल, न्यायालयाचा आदेश असेल, दुसऱ्या उपचारकाला उपचारासाठी माहिती लागत असेल किंवा रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला आपले काम करण्यासाठी ती हवी असेल, असे काही. आजोबा ‘‘आता जगून काय करू?’’ असे म्हणाले आणि त्यामागे खरोखरच बेत दिसला, तर समुपदेशक मुलाला जरूर सांगेल. पण त्यांच्या जिवाच्या रक्षणासाठी लागेल तेवढेच. सुनेविषयीची त्यांची तक्रार त्या फोनवर निघणार नाही.

यावर एका विद्यार्थिनीने नेमकी शंका काढली. शोक म्हणजे काही आजार नव्हे. मग हा कायदा आजोबांना कसा लागू व्हावा? खरे आहे. जिथे कायद्याचे शब्द पोहोचत नाहीत, तिथे व्यवसायाची नीती सुरू होते, आणि ती याहून सैल नाही. जाणता समुपदेशक पहिल्याच भेटीत, वडील आणि मुलगा दोघांच्याही देखत, कोणते बोलणे खोलीतच राहील आणि कोणते बाहेर जाऊ शकेल, हे सांगून टाकतो. रात्रीचा तो फोन मग बहुधा येतच नाही.

घरी सेवा करणाऱ्यांनी यामुळे दुखावून जाऊ नये. आपण समुपदेशकाला हवे ते सांगू शकता : रात्री ते किती वेळा उठतात, गोळ्या थुंकून टाकतात का, गॅस चालू ठेवून विसरतात का. ऐकून घेण्याला कोणतीही आडकाठी नाही; बंधन आहे ते उलट सांगण्यावर. शिवाय वडिलांनी स्वतः ‘‘मुलाला सांगा’’ म्हटले, तर प्रश्नच मिटतो.

ज्येष्ठांसाठी याच कायद्यात एक फार उपयोगाची सोय आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. मानसिक आजारात आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आपण आधीच ठरवून ठेवू शकता. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतो. त्या व्यक्तीची लेखी संमती मात्र हवी. ती मुलगाच असावी असे नाही. मुलगी, भाची, शेजारचे जुने स्नेही, कोणीही प्रौढ आणि सक्षम व्यक्ती चालते. पुढे मन बदलले, तर नेमणूकही बदलता येते.

उजळणीतला दुसरा प्रसंग अधिक कठीण होता. तोच मुलगा महिनाभराने येतो आणि म्हणतो, ‘‘बाबांना आता काही समजत नाही, असे लिहून द्या, घराचे कागद करायचे आहेत.’’ इथे विद्यार्थी गप्प झाले. कलम 3 सांगते, की मानसिक आजाराचे निदान झाले, एवढ्यावरून कोणी ‘विकल मनाचा’ ठरत नाही. ते ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. आणि उपचाराविषयीचा एखादा निर्णय घरच्यांना चुकीचा वाटला, म्हणून निर्णयक्षमताच नाही असेही म्हणता येत नाही, हे कलम 4 मध्ये आहे. समुपदेशकाने असा कागद देऊ नये. आपल्याकडून कोणी असा कागद आणायला सांगितले, तर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात समुपदेशकाला परवान्यासाठी कायदा व नीतीची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्याआधी सर्वांनी उत्तीर्ण व्हावी अशी एकच देशव्यापी परीक्षा नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. अन्य मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांना 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने कक्षेत घेतले आहे. तोवर परीक्षा आपणच घ्यायची आहे. शिक्षण कोठे झाले, नोंदणी आहे का, टिपणे कोणाच्या हाती पडतात, आणि मुलाने विचारले तर काय सांगाल, हे पहिल्याच दिवशी विचारावे. विचारल्याचा ज्यांना राग येतो, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. फी आगाऊ भरली असली, तरीही.

तातडीने बोलावेसे वाटले, तर ‘टेलि-मानस’चा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 14567 हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक फोनच्या शेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत.