लेडी मॅकबेथ आणि ‘पश्चात्ताप’ हा सोयीचा शब्द

महत्त्वाकांक्षेपायी लेडी मॅकबेथचे नैतिक अधःपतन होते आणि अखेर तिला पश्चात्ताप होतो, हे वाक्य बी.ए.च्या उत्तरपत्रिकांतून हमखास भेटते. त्याचे मूळ गाइडांत असावे. आपण शिक्षक मंडळीही त्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो. माझ्या मते त्यातील पहिला भाग अर्धवट आहे, आणि दुसरा चुकीचा.

पश्चात्ताप म्हणजे केलेले कृत्य चुकीचे होते ही जाणीव आणि क्षमेची याचना. शेक्सपिअरच्या या राणीजवळ दोन्ही नाहीत. तिसऱ्या अंकात, सारे मिळवूनही समाधान हाती लागले नाही, असे ती क्षणभर स्वतःशी म्हणते खरी. पण ती हळहळ आहे, अनुताप नव्हे. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती झोपेत चालते, बोलते. तिथे देवाचे नाव येते ते वैद्याच्या आणि सेविकेच्या तोंडी. तिला आठवतो तो फक्त नरकाचा अंधार.

मग तिच्याजवळ असते काय? एक डाग आणि एक वास. डंकनच्या खुनानंतर खंजीर परत नेऊन ठेवणारी, झोपलेल्या पहारेकऱ्यांना रक्त माखणारी आणि थोड्याशा पाण्याने सारे धुऊन निघेल असे नवऱ्याला बजावणारी हीच बाई. मनाने नाकारलेला अपराध शरीराने जपून ठेवला आहे. पहिल्या अंकात तिने दाट काळोखाला हाक मारली होती. आता रात्रभर जवळ दिवा हवा, असा तिचाच हुकूम आहे. आणि एरवी पद्यात बोलणारी ही राणी इथे तुटक गद्यात बोलते. सारा सिडन्सने १७८५ साली लंडनच्या ड्ररी लेन रंगभूमीवर ही भूमिका करताना हातातली मेणबत्ती खाली ठेवली आणि दोन्ही हात चोळले. तोवरच्या नट्या मेणबत्ती हातातच धरीत, त्यामुळे या बदलाला विरोधही झाला. सिडन्सला नाटक अधिक कळले होते, असे मला वाटते. धुण्याची ती क्रिया एका हाताने होणारी नाही.

आता अधःपतनाविषयी. उतरंड असेल तर ती मॅकबेथची आहे. ती सर्वांत क्रूर बोलते ते पहिल्याच अंकात. तिथून तो खाली जात राहतो आणि तिला सोबतही घेत नाही. बँकोच्या खुनाचा बेत तो तिच्यापासून लपवतो. फाइफच्या वाड्यातील कत्तलीआधी त्याने तिला विचारल्याचे नाटकात कोठेच दिसत नाही. तरी झोपेत ती विचारते कोणाविषयी? फाइफच्या सरदाराच्या बायकोविषयी. जो खून तिने केला नाही, करवला नाही, त्याचेही रक्त तिच्या हाताला लागले आहे. मॅकबेथला मॅकडफच्या घरच्यांचे रक्त जड वाटते ते मॅकडफ तलवार घेऊन समोर उभा राहिल्यावर. दोघांत नैतिक जाणीव कोणाची अधिक जागी आहे, हे मी विद्यार्थ्यांना विचारते तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प असतो. ती निर्दोष आहे असे म्हणायचे नाही; डंकनचा खून तिच्या भरीस घालण्यावाचून त्या रात्री झाला नसता.

होलिनशेडच्या ज्या बखरीवरून शेक्सपिअरने कथानक घेतले, तिच्यात राणीपदाच्या हव्यासाने पेटलेली बायको आहे, झोपेत चालणारी नाही. तो प्रवेश सर्वस्वी नाटककाराची भर आहे. शेवटी माल्कम मात्र विजयाच्या भाषणात तिला राक्षसीण ठरवून मोकळा होतो. तिच्या आत्महत्येचाही उल्लेख तो ऐकीव म्हणूनच करतो. त्याने तो प्रवेश पाहिलेला नाही. ज्या सेविकेने रात्रीमागून रात्री पाहिला, ती राणीचे शब्द वैद्यालासुद्धा सांगायला तयार नसते, कारण तिच्या बोलण्याला दुसरा साक्षीदार नाही.