तडजोड एकटीनेच का करायची?

देवळा तालुक्यात कांद्याचे भाव कोसळले की नवरा-बायकोत खटके उडतात. मतभेद होणारच. पण कांद्याचा पैसा कुठे गेला, असे विचारणाऱ्या बाईलाच ‘तू नमते घे’ सांगून समाजाची बैठक उठते. ही तडजोड नव्हे, शरणागती आहे.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बजावले, की पत्नी ही पतीची मैत्रीण आहे, दासी नव्हे. म्हणून बैठकीत आधी तिचे ऐका. हिशेब दोघांपुढे मांडा. मात्र हात उगारला असेल तर समेटाची घाई नको. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या पाठीशी आहे. विधी सेवा समितीकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

समतेची लढाई उंबरठ्याच्या आतही लढावी लागेल!