कुमारागार आणि आशाताईंची गृहभेट

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, कुमारागाराचे वर्णन येते. बालकाची खेळणी चित्रविचित्र, नाद करणारी, वजनास हलकी असावीत. टोकदार, तोंडात शिरणारी वा भय उपजवणारी नसावीत, असे आचार्य बजावतात. पदवीपरीक्षेसाठी हे आपण पाठ केले; चिकित्सालयात मात्र मातेला खेळण्यांविषयी क्वचितच विचारतो.

२०१८ साली सुरू झालेल्या गृहाधारित बालसंगोपन कार्यक्रमानुसार आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात घरी जातात. आहार, लसीकरण आणि बाळाशी बोलणे-खेळणे याविषयी मातेशी बोलतात. पाचच भेटी. मधल्या दिवसांत आजीबाई गुटी मागावयास येतात त्या आपल्याच औषधालयात!

तेव्हा विक्रेत्याने प्रथम बाळाचे वय विचारावे. सहा महिन्यांपर्यंत केवळ स्तनपान, आणि वर्षाच्या आत मध नको, हे स्पष्ट सांगावे. मधाबाबत आपल्यातच मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. तथापि मधातील बीजाणूंमुळे तान्ह्या बाळास होणारा बोट्युलिझम जिवावर बेततो. सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नसेल, नऊ महिन्यांचे आधाराविना बसत नसेल, तर बुद्धिवर्धक चाटण न विकता त्यास बालरोगतज्ज्ञाकडे धाडावे, आणि त्या गावच्या आशाताईंनाही कळवावे.