घरातली पाळत
मैत्रिणींनो, पायथन भाषेतल्या दहा-पंधरा ओळी संगणकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपतात, पडद्याची छायाचित्रेही काढतात. नवऱ्याने त्या गुपचूप बसवल्या, की बायकोने आपल्याला लिहिलेले पत्र खोडलेल्या शब्दांसकट आधी त्याच्या हाती! पासवर्ड बदलला तरी नवाही टिपला जातो. लबाडीने असे करणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा आहे; ३ वर्षांपर्यंत कैद. मात्र जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचे चोरून केलेले ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य ठरवले. मला त्यात पाळतीला बळच दिसते. संशय असेल तर त्या संगणकावरून आपल्याशी संपर्क नको, शेजारणीच्या फोनवरून बोला. घाईने काही पुसूही नका. त्याला सुगावा लागेल, पुरावाही जाईल.