छापले म्हणजे खरे?

आपल्या घरांत छापील शब्दाला मोठा मान. पेपरात आले की वाद मिटला. त्यातून ते वैद्यकीय नियतकालिकातले संशोधन असेल, तर आपण हातच जोडतो. वर्गात विद्यार्थ्यांची ही सवय मोडताना मी नेहमी एक उदाहरण देतो.

फेब्रुवारी 1998 मध्ये लंडनच्या 'द लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात डॉ. अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या 12 सहकाऱ्यांचा निबंध आला. अभ्यास होता फक्त 12 मुलांचा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, संबंध असावा असे त्यात सूचित केले होते. संबंध सिद्ध झाला, असे खुद्द निबंधातही नव्हते. पण वर्तमानपत्रांनी भीती घरोघर पोचवली. इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण 2003-04 पर्यंत 80 टक्क्यांवर घसरले.

2004 साली ब्रायन डीअर या पत्रकाराने उजेडात आणले, की लस बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलामार्फत वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते. निबंधात त्याचा उल्लेख नव्हता. मुलांवरच्या त्रासदायक तपासण्यांना नैतिक समितीची रीतसर मंजुरी नव्हती, हेही चौकशीत ठरले. 2 फेब्रुवारी 2010 रोजी 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला. त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले.

पण मध्ये 12 वर्षे गेली होती. 2012-13 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी भागात गोवराची साथ पसरली. बाराशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले, एकाचा जीव गेला. लहानपणी लस चुकलेली आणि आता शाळा-कॉलेजात जाणारी मुले त्यांत बरीच होती.

निबंध छापण्यापूर्वी तज्ज्ञ तो तपासतात, हे खरे. पण त्यांच्या हाती कागद असतो, रुग्ण नसतो. लेखकाने लपवले ते त्यांना दिसत नाही. म्हणूनच पैसा कुणाचा आणि परवानगी कुणाची, हे जाहीर करण्याचे नियम आहेत. तो कोरडा सोपस्कार नव्हे. आणि चूक कळल्यावर निबंध मागे घेण्यात नियतकालिकाची अब्रू जात नाही, उशीर केला तर जाते.

हे सगळे विलायतेतले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. फेब्रुवारी 2017 मध्ये कर्नाटक आणि गोव्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा भीती घालणारे निरोप मोबाइलवर फिरतच होते. मराठीत गोवर म्हणा, कन्नडमध्ये दडार म्हणा, रोग दोन्ही घरांत सारखाच शिरतो.

तेव्हा 'संशोधनात सिद्ध झाले' असे कुणी म्हणाले, की तीन गोष्टी विचारा: अभ्यास किती माणसांचा? पैसा कुणाचा? पुढे इतरांना तेच आढळले का? वेकफिल्ड यांची मुले 12. डेन्मार्कमधल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातली 5,37,303. त्यात लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही.

घरात तान्हे बाळ असेल, तर सरकारी वेळापत्रक लक्षात ठेवा: गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान.